खाटेच्या दोन बाजू

डॉक्टरला जात नसते, धर्म नसतो, तो बाई आहे की बुवा हेही पाहायचे नसते, असे आमचे शेजारी नाना नेहमी म्हणतात. नाना तहसील कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. काही वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयावर मोठी शस्त्रक्रिया झाली. ती करणारा सर्जन त्यांच्या धर्माचा नव्हता, त्यांच्या भाषेचाही नव्हता. आणि तरी नाना आज अंगणात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचतात व माझ्याशी भांडतात. त्यांच्या वाक्यामागे असा अनुभव उभा आहे. ते वाक्य खोडून काढण्याची माझी मुळीच इच्छा नाही. परंतु नाना त्यापुढे आणखी एक पाऊल टाकतात. ते म्हणतात, “मग डॉक्टर कोण होतो आणि कोठून येतो, याची पंचाईत कशाला? वैद्यकीय महाविद्यालयात सगळ्या थरांतली, सगळ्या जमातींतली मुले असलीच पाहिजेत हा हट्ट कशासाठी? रोग्याला काम औषधाशी!”

येथे माझे नानांशी जमत नाही. का जमत नाही, हे त्यांना अंगणात नीट सांगता येत नाही, कारण ते मध्येच बोलतात. कागद मध्येच बोलत नाही, म्हणून येथे सांगतो.

मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. आनंदीबाई जोशींचा विषय निघाला की मी मुलांना एक जुने छायाचित्र दाखवतो. १८८५ साली फिलाडेल्फियात काढलेले. तीन तरुण स्त्रिया शेजारीशेजारी: एक लुगड्यात, एक जपानी किमोनोत आणि एक सीरियाच्या पोशाखात. लुगड्यातल्या आपल्या आनंदीबाई. दुसऱ्या केइको ओकामी आणि तिसऱ्या साबात इस्लामबुली. पेनसिल्व्हेनियाच्या ज्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकत होत्या, ते १८५० साली निघाले, कारण पुरुषांच्या महाविद्यालयांची दारे स्त्रियांना बंद होती. १८६७ साली तेथून रिबेका कोल ही कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टर होऊन बाहेर पडली; अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. ज्यांना कोणी आत घेत नव्हते अशांनी घर बांधले आणि मग ते इतरांनाही आत घेऊ लागले. नेहमीच असे घडते असे नाही. बाहेर राहिलेला माणूस आत आला की पुष्कळदा तोच पहिल्याने कडी लावतो.

आनंदीबाई तेथे का गेल्या? नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, आणि ते मूल दहा दिवसांत गेले. १८८३ साली निघण्यापूर्वी त्यांनी बंगालमध्ये श्रीरामपूरच्या महाविद्यालयात भाषण करून आपले कारण जाहीर सांगितले. या देशात स्त्री डॉक्टरांची अतोनात गरज आहे, हे ते कारण. आमच्या बायका परपुरुषाला नाडीसुद्धा दाखवीत नसत. दवाखान्याची दारे उघडीच होती. पण आत बसलेला माणूस असा होता की त्याच्यासमोर बायकांच्या तोंडून शब्द फुटू नये. नानांच्या भाषेत सांगायचे तर औषध होते, डॉक्टर होता, त्याला जात नव्हती; आणि तरी बाळंतिणी मरत होत्या.

याच महाविद्यालयात आनंदीबाईंच्या मागोमाग आलेल्या एका मुलीची गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. तिचे नाव सुझन ला फ्लेश. नेब्रास्कातल्या ओमाहा या आदिवासी जमातीतली. जन्म १८६५ चा, म्हणजे आनंदीबाईंच्याच वर्षाचा. दोघींत तीन महिन्यांचेही अंतर नाही. १८८६ च्या ऑक्टोबरात आनंदीबाई पदवी घेऊन न्यूयॉर्कहून बोटीत बसल्या, आणि त्याच सुमारास सुझन त्याच महाविद्यालयात दाखल झाली. दोघींची गाठ पडली नाही. कादंबरीकाराने ती पाडली असती, पण इतिहासाला अशी हौस नसते.

सुझन लहान असताना तिच्या वस्तीतली एक म्हातारी आजारी पडली. गोऱ्या सरकारी डॉक्टरला चार वेळा निरोप धाडले. येतो म्हणाला, आला नाही. पहाटेपूर्वी म्हातारी गेली. या मुलीने ती रात्र डोळ्यांनी पाहिली होती. १८८९ साली ती वर्गात पहिली येऊन डॉक्टर झाली आणि आपल्या जमातीत परत गेली. बाराशेहून अधिक माणसे तिच्या एकटीच्या अंगावर. घोड्यावरून, बर्फातून जाई. लोकांना औषध देई, त्यांची पत्रे लिही, जमिनीचे सरकारी कागद वाचून दाखवी. आता कागद वाचणे ही काही डॉक्टरची कामे नव्हेत. परंतु ज्या माणसाची जमीन जाणार आहे त्याला झोपेचे औषध देऊन झोप येत नाही, हे तिला कोणी पुस्तकातून शिकवायला नको होते.

नाना म्हणतील, ही परदेशची गोष्ट. तर मुंबईची घ्या. परळचे केईएम इस्पितळ आणि त्याला जोडलेले शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली उभे राहिले. देणगीदारांनी अट घातली होती की येथे शिकवणारे सारे हिंदी असतील. त्या काळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या मोठ्या जागा बहुतेक इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. जीवराज मेहतांसारखा विलायतेत शिकून आलेला माणूस या नव्या संस्थेचा पहिला अधिष्ठाता झाला. इस्पितळाला नाव मात्र इंग्रजांच्या राजाचे. या विसंगतीचे मला नेहमी हसू येते.

ही अट संकुचित होती काय? गोऱ्या साहेबांना तशी वाटली असल्यास नवल नाही. विद्येला रंग नसतो, लायक माणूस नेमावा, असेच ते म्हणत असणार. म्हणजे आज नाना जे बोलतात ते. फक्त त्या वेळी नानांचे आजोबा त्या वाक्याच्या पलीकडल्या बाजूला उभे होते. लायकीची भाषा सोयीची असते खरी, पण ती कोणाच्या तोंडी आहे हे पाहावे लागते. आणि राखीव जागेवरून आत आलेला मुलगा शेवटची परीक्षा सर्वांबरोबर तीच देतो, त्याच प्रश्नपत्रिकेवर. ही साधी गोष्ट नानांना मी चार वेळा सांगितली आहे.

आता मी स्वतः पाहिलेले सांगतो. आमच्या शाळेतल्या एका कातकरी मुलाची आजी खोकल्याने खंगली होती. तालुक्याला निदान होईना, म्हणून तिला घेऊन मी मुंबईच्या एका मोठ्या शिकवण्याच्या इस्पितळात गेलो. इस्पितळाचे नाव सांगत नाही. त्यांनी कोणाला हाकलले नाही, पैसा मागितला नाही, आणि केसपेपर इतर सर्वांसारखाच दिला. तपासायला बसलेला तरुण डॉक्टर शहरातला, चांगला मराठी बोलणारा, नम्र. त्याने विचारले, “आजी, खोकला कधीपासून आहे?” आजी म्हणाली, “लावणीपासून.” डॉक्टर क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. त्याला ठाऊक असलेली लावणी ढोलकीवरची. मी म्हटले, “डॉक्टर, भाताची लावणी. आषाढातली.” बिचारा ओशाळला, हसला, आणि कागदावर तीन महिने असे लिहिले. तीन आठवडे आणि तीन महिने यांत खोकल्याच्या बाबतीत केवढे अंतर आहे, ते त्याला माझ्याहून चांगले कळत होते.

पुढे गोळ्या दिल्या. दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. आजीने मान डोलावली. मोठ्या माणसासमोर ती सगळ्यालाच मान डोलावते. तेवढ्यात तेथे फरशी पुसणारी एक मावशी थांबली आणि म्हणाली, “अहो डॉक्टर, त्या तीनदा जेवत नाहीत. त्या गोळ्या दोनच घेतील.” मावशी महाडकडची होती. आजी तिला काही बोललीही नव्हती. मावशीने नुसते पाहून ओळखले.

तेव्हापासून मी इस्पितळात गेलो की एक गोष्ट पाहतो. माणसांची विविधता तेथे नाही असे कोण म्हणेल? सगळ्या जाती आहेत, सगळे मुलूख आहेत. फक्त कोण कोठे आहे ते पाहावे. स्ट्रेचर ओढणारा, भांडी उचलणारी, मोरी धुणारा यांच्यात आजीचे सगेसोयरे भेटतात. जसजसे जिने चढावे तसतसे ते विरळ होत जातात, आणि जेथे प्राध्यापकांच्या नावांची पाटी आहे तेथे ती नावे शोधावी लागतात. आजीच्या दुखण्याचे जे ज्ञान त्या दिवशी सर्वांत उपयोगी पडले, ते त्या इमारतीत हजर होते. पण ते हातात फडके घेऊन उभे होते आणि त्याला मत विचारण्याची रीत नव्हती.

यावर नानांचा एक आक्षेप आहे आणि तो मला खरोखर अवघड वाटतो. ते म्हणतात, “उद्या मराठा मराठ्याचा डॉक्टर मागेल, ब्राह्मण ब्राह्मणाचा. मुसलमान हिंदूकडे जाणार नाही. हे चालेल तुम्हांला?” नाही चालणार. नानांचा तो सर्जन ही या देशातली फार मोलाची गोष्ट आहे आणि ती गमावून काहीही मिळवण्यासारखे नाही. पण आजीने कातकरी डॉक्टर मागितला नव्हता. लावणी कधी होते हे ठाऊक असलेला डॉक्टर तिला हवा होता. तो कोणत्याही जातीचा चालला असता. प्रश्न एवढाच की ज्या वर्गात भाताच्या गावचे एकही मूल नाही, त्या वर्गाला ते कोण सांगणार? शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात अशी पाच-दहा मुले शेजारी बसली, एका डब्यातून जेवली, रात्रपाळीला बरोबर जागली, तर उरलेल्या नव्वदांना ते आपोआप कळते. आजीपुढे मग त्यांतला कोणीही बसू दे.

हे लिहितो खरे, पण “आपोआप” हा शब्द लिहिताना हात अडखळतो. २०१९ साली मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका तरुण आदिवासी डॉक्टरने आपला जीव संपवला. बरोबरच्या डॉक्टरांनी जातीवरून छळले असा तिच्या घरच्यांचा आरोप, आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्याचा निवाडा करणे माझे काम नव्हे. परंतु त्या बातमीनंतर आमच्या भागातल्या कितीतरी आयांनी आपल्या मुलींकडे पाहिले असेल. एका बाकावर बसवले की माणसे एकमेकांची होतात, असे मानणारा मी शाळामास्तर आहे. पण बाकावर बसवून मास्तराने वर्गाबाहेर निघून जायचे नसते, हेही मला माझ्या धंद्याने शिकवले आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या डॉक्टरकी शिकते आहे. ठाकरवाडीतली. तिच्या प्रवेशाचे पेढे आम्ही सगळ्यांनी खाल्ले, नानांनीही. गेल्या मे महिन्यात ती भेटायला आली, तेव्हा मी तिला सुझनची गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगितली: कशी घोड्यावरून हिंडली, कशी आपल्या लोकांत परत गेली. मुलगी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “सर, माझ्या खोलीतल्या मुलीचे वडील व्यापारी आहेत. ती डॉक्टर झाल्यावर व्यापाऱ्यांत परत जाणार का, असे तिला कोणी विचारत नाही. मला सगळे विचारतात. मला मेंदूची शस्त्रक्रिया शिकायची आहे. मी वाडीवर मेंदू कुठे उघडू?”

यावर मी हसलो, पण तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपण अशा मुलांना आत घेतो ते त्यांच्या लोकांची सोय व्हावी म्हणून की त्यांचा तो हक्क आहे म्हणून? पहिले कारण ऐकायला गोड आहे, परंतु त्यात एक फास आहे. बायकांसाठी बाई डॉक्टर हवी, या विचाराने आनंदीबाईंच्या पिढीला वाट मिळाली. आणि त्याच विचाराने पुढे किती तरी हुशार मुलींना “तू आपली बाळंतपणेच कर” असे सांगण्यात आले. सुझन परत गेली ती तिची निवड. तिचे पुण्य थोर आहे. पण ते दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर कर्ज म्हणून मांडता येणार नाही. वाडीवर डॉक्टर हवा असेल तर तो पाठवणे सरकारचे आणि सगळ्या वर्गाचे काम आहे, व्यापाऱ्याच्या मुलीचेसुद्धा. ठाकरांच्या मुलीला आत येण्याचा हक्क आहे आणि आल्यावर मेंदूकडे जाण्याचाही.

आनंदीबाईंना कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर नेमले होते. त्या रुजू झाल्याच नाहीत. क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या, बावीस वर्षेही पुरी नव्हती. सुझनला थोडा अधिक वेळ मिळाला. १९१३ साली तिने वॉल्टहिल या गावी इस्पितळ उभारले आणि दोनच वर्षांनी ती वारली. त्या इस्पितळात ओमाहांना जागा होती, तशीच आजूबाजूच्या गोऱ्या शेतकऱ्यांनाही होती. हे मी त्या मुलीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “हे आधी का नाही सांगितलेत?”

जाताना तिने पिशवीतून एक वही काढून दाखवली. वाडीवरची माणसे दुखणे कसे सांगतात, त्याचे शब्द तिने तीत उतरवले आहेत. काळ कसा सांगतात, तेही. तिच्या खोलीतल्या त्या व्यापाऱ्याच्या मुलीने वही मागून नेली होती आणि कडेला पेन्सिलीने आपल्या मारवाडी आजीचे शब्द लिहिले होते. मी नानांना ती वही दाखवायला नेली. चश्मा लावून त्यांनी दोन पाने वाचली आणि म्हणाले, “यात कळ आणि ठणका हे वेगळे वेगळे लिहायला हवेत. एकच नाहीत ते. मला विचारा.”