उपशम आणि सत्य : चिनी वैद्यकाच्या निमित्ताने

उपचाराने गुण आला, परंतु तो का आला याविषयी वैद्याने सांगितलेली उपपत्ती खरी नसेल, तर ती त्याने सांगावी काय? आणि रोग्याने ती खरी मानून समाधानी राहावे काय? हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटतो. प्रत्यक्षात तो नीतीचा आहे. गुडघे, कंबर, मान यांच्या तक्रारींसाठी ॲक्युपंक्चरच्या सुया टोचून घेणारे आमच्या वयाच्या मंडळींत आता विरळ राहिलेले नाहीत. तेथून परतताना ‘ऊर्जेचा प्रवाह अडला होता, तो मोकळा केला’ हे एक वाक्य ते बरोबर घेऊन येतात. त्या वाक्याचा शांतपणे विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

मूळ चिनी शब्द ‘ची’ असा आहे. त्याच्या पारंपरिक चिनी अक्षरात वाफेचे चिन्ह वर आणि तांदळाचे चिन्ह त्याखाली असते. श्वास, वारा, वाफ, हवामान, मनाची वृत्ती, इतक्या अर्थच्छटा या एका शब्दात सामावल्या आहेत. त्याला ‘ऊर्जा’ हे वस्त्र युरोपात चढले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच लेखक सूलिए द मोरां यांनी हा प्रतिशब्द रूढ केला आणि तोच आपल्यापर्यंत आला. भौतिकशास्त्रातील ऊर्जा मोजता येते. ‘ची’ तशी कधी कोणी मोजलेली नाही. आपला ‘प्राण’ हा शब्द तिला अधिक जवळचा, तरीही तंतोतंत तो नव्हेच.

या वैद्यकाचा आधारग्रंथ ‘हुआंगदी नेइजिंग’ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झाला. पीतसम्राट आणि त्याचा मंत्री यांच्या संवादाच्या रूपाने तो लिहिलेला आहे. यिन आणि यांग या शब्दांचे मूळ अर्थ डोंगराची सावलीची बाजू आणि उन्हाची बाजू असे आहेत. सूर्य सरकतो तशी सावली सरकते. म्हणून तेथील समतोल हा तराजूच्या स्थिर काट्यासारखा नसून दिवसाबरोबर बदलणारा आहे. शरीरातील बारा मुख्य वाहिन्यांची तुलना या ग्रंथात चीनमधील बारा नद्यांशी केली आहे, आणि अवयवांना चक्क राज्यकारभारातील हुद्दे दिले आहेत. हृदय राजा, फुप्फुस मंत्री, यकृत सेनापती, प्लीहा व जठर धान्यकोठाराचे अधिकारी! आमची नोकरी राज्याच्या सिंचन खात्यात झाली, त्यामुळे जलमार्गांचा अधिकारीही तेथे पाहून आम्हांस आपले माणूस भेटल्याचा आनंद झाला. तो म्हणजे ‘सान-ज्याओ’ नावाचा अवयव. गंमत अशी की, त्याला नाव आहे पण आकार नाही, असे पुढच्या चिनी वैद्यांनीच नमूद करून ठेवले आहे.

ही रचना योगायोगाची नाही. इ. स. पूर्व २२१ मध्ये चीन एकछत्री अंमलाखाली आला. कालवे, रस्ते, कोठारे आणि अधिकाऱ्यांची उतरंड यांवर उभे असलेले ते राज्य होते. जर्मन अभ्यासक पॉल उन्शुल्ड यांनी दाखवून दिले आहे की, त्या काळच्या विचारवंतांनी राज्याची हीच घडण शरीरात पाहिली. म्हणजे ‘ची’चा प्रवाह कोणी शवविच्छेदन करून शोधलेला नाही, सुव्यवस्थित राज्याचे चित्र देहावर ठेवून तो कल्पिलेला आहे.

कल्पिलेला आहे म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. कालव्याच्या मुखाशी असलेला शेतकरी गरजेहून अधिक पाणी घेतो तेव्हा त्याची जमीन चिबडते आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचे पीक वाळते, हे आम्ही अनेक वर्षे पाहिले आहे. एकाच अव्यवस्थेने दोघांचेही नुकसान होते. अतिरेक आणि अभाव हे दोन्ही रोगच. रोग होण्यापूर्वी राखावे ते खरे वैद्यक. आहार, झोप, ऋतू आणि मन यांचा परस्परांशी मेळ हवा, ही शिकवण कोणत्याही काळी ऐकण्यासारखीच आहे. त्रिदोषांच्या साम्याची भाषा घराघरांत ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ती परकीही वाटत नाही. परंतु शिकवण हितकर असणे आणि वाहिन्यांचा नकाशा खरा असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या नकाशाची कसोटी घेतली गेली आहे. जर्मनीत दीर्घकाळच्या कंबरदुखीच्या १,१६२ रोग्यांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला चिनी शास्त्रानुसार नेमक्या बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्याला मुद्दाम बिंदू सोडून भलत्याच जागी आणि उथळ टोचल्या. तिसऱ्याला औषधे, व्यायाम असे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील ४७.६ टक्के, दुसऱ्यातील ४४.२ टक्के आणि तिसऱ्यातील २७.४ टक्के रोग्यांना पुरेसा आराम पडला होता. सुयांनी आराम पडला, हे सुयांची टिंगल करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. तो योग्य बिंदूंवर आणि भलत्या जागी जवळजवळ सारखाच पडला, हे नकाशावर विश्वास ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. शेतात पाणी पोहोचले. मात्र ते नकाशात दाखवलेल्या चारीने आले, असे म्हणता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एक पक्ष म्हणेल, ज्याची कंबर दुखते त्याला कंबर थांबायला हवी आहे, तत्त्वज्ञान नको. ‘प्रवाह मोकळा झाला’ या वाक्याने त्याला धीर येत असेल आणि त्या धीराने वेदना उणावत असेल, तर ते वाक्य हिरावून घेणे हीच क्रूरता होय. हा पक्ष दुबळा नाही. आजारी माणसाशी बोलताना आपण सारेच शब्द जपून वापरतो आणि त्यास कोणी असत्य म्हणत नाही.

परंतु या युक्तिवादात एक गृहीत दडलेले आहे : खरे सांगितले की आराम नाहीसा होईल. हे गृहीतही तपासले गेले आहे. हार्वर्डचे टेड कॅप्टचक यांनी तरुणपणी मकाऊमध्ये चिनी वैद्यकाचेच शिक्षण घेतले होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतड्याच्या एका चिवट विकाराच्या ८० रोग्यांवर केलेला प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील एका गटाला गोळ्या देताना स्पष्ट सांगितले गेले की, या गोळ्यांत औषध नाही, पण अशा गोळ्यांनीही शरीराच्या स्वतःच्या शक्तीने बरे वाटू शकते. तरीही त्या गटातील ५९ टक्के लोकांना पुरेसा आराम वाटला. गोळी न दिलेल्या गटात हे प्रमाण ३५ टक्के होते. प्रयोग लहान होता, आणि बरे वाटणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे, हे मान्य. तरी आस्थेने वेळ देणारा, हात लावून तपासणारा वैद्य खरे बोलला तरी त्याचा हातगुण लगेच ओसरत नाही, एवढे यातून दिसते. उपशम आणि सत्य यांचे वैर आपण समजतो तितके मोठे नाही.

उलट, खोट्या नकाशाची किंमत कधीकधी फार जबर असते. चिनी वैद्यकात क्रोधाचा संबंध यकृताशी जोडलेला आहे. आमच्या परिचयातील एका सद्‌गृहस्थांना यकृताचा कर्करोग झाला, तेव्हा एका उपचारकाने त्यांना सांगितले की, आयुष्यभर गिळलेल्या रागाने तुमचा प्रवाह गोठला आहे. कर्करोग तर हटला नाहीच. शेवटचे काही महिने ते गृहस्थ आपल्या रागांचा हिशेब मांडत बसले आणि पत्नीची पुनःपुन्हा क्षमा मागत राहिले. समतोलाच्या भाषेचा हा दुसरा चेहरा आहे. समतोल राखणे ज्याच्या हाती, तो बिघडल्याचा दोषही त्याच्याच माथी! ज्या अपराधाला पुरावा नाही, त्याचा आरोप मरणाऱ्या माणसावर ठेवण्याचा अधिकार वैद्याला कोणी दिला?

अशीच किंमत १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये मोजावी लागली. वजन उतरवण्याच्या उपचारात दिलेल्या चिनी वनस्पतींत, नामसाधर्म्यामुळे, एकीच्या जागी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती आली आणि शंभराहून अधिक लोकांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडे निकामी झाली. असा घात अनेक रोग्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तरच दिसतो. एकट्या रोग्याच्या नाडीत तो उमटत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरणही चीननेच दिले आहे. हिवतापावर औषध शोधण्याची सरकारी मोहीम तेथे १९६७ मध्ये सुरू झाली. तीत काम करणाऱ्या थू योयो यांना चौथ्या शतकातील ग होंग यांच्या ग्रंथात छिंगहाव ही वनस्पती गार पाण्यात भिजवून, पिळून रस घेण्याची कृती सापडली. उकळल्याने गुण नष्ट होत असावा, हे त्यांनी त्यावरून ताडले आणि कमी उष्णतेवर अर्क काढला. १९७१ मध्ये १९१ क्रमांकाचा नमुना प्राण्यांवर यशस्वी ठरला. पुढच्या वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो अर्क आधी स्वतः घेऊन पाहिला. त्यातून निघालेल्या आर्टेमिसिनिनने असंख्य जीव वाचवले आणि २०१५ मध्ये थू योयो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्वजांचा ग्रंथ त्यांनी आदराने उघडला आणि त्यातील कृती निःशंकपणे कसोटीला लावली. परंपरेचा याहून मोठा सन्मान आम्हांस तरी ठाऊक नाही.

आपला या विषयाशी एक धागाही आहे. १९३८ मध्ये भारतातून युद्धग्रस्त चीनकडे गेलेल्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीस १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. त्याच पथकातील बिजय कुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून कलकत्त्यात त्याची सुरुवात केली. जखमी सैनिकाच्या देहातील गोळी शस्त्रानेच काढावी लागते, हे अनुभवलेल्या डॉक्टराने सुईही हाती घेतली. एकाच हातात दोन्ही शोभू शकतात, मात्र कोणते कशासाठी याचा विवेक हवा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात पारंपरिक वैद्यकाचे एक प्रकरण आले, त्यात ‘ची’च्या विकारांनाही स्थान मिळाले. काहींना यात शास्त्रीय मान्यता दिसली. नोंदवह्यांत हयात घालवलेल्या आमच्यासारख्यांना एवढे मात्र कळते की, रकाना आखला म्हणून वस्तू सिद्ध होत नाही.

मग सुया टोचणाऱ्याने काय सांगावे? आमच्या मते एवढेच : ‘याने पुष्कळांना आराम पडतो. तो नेमका कशाने पडतो, हे निश्चित झालेले नाही. जुन्या चिनी वैद्यांनी त्याची कल्पना प्रवाहाच्या रूपाने केली होती. तुमचा आजार या उपचाराच्या आवाक्याबाहेरचा दिसला तर मीच तुम्हांला दुसरीकडे पाठवीन.’ इतके ऐकून काही रोगी कदाचित परत येणार नाहीत, आणि त्यांतील एखाद्याचा मिळू शकला असता तो आराम हुकेलही. ही हानी खरी आहे. तरी ती आम्ही पत्करू. कारण दुखणाऱ्या माणसाला आरामाइतकाच, आपल्या देहाविषयी खरे ऐकण्याचाही हक्क आहे.