कार्ल्सरूहला निघालेल्या भाचीला

चि. मृणाल,



व्हिसा आल्याचं ताईने सांगितलं. घरात आता भाजणी किती, मसाला किती याचीच चर्चा असेल. ते ताई बघून घेईल. मी लिहितेय ते वेगळ्या गोष्टीबद्दल. इथे स्टुटगार्टला दर ऑक्टोबरला आपल्याकडची मुलं येतात. हुशार असतात, कष्टाळू असतात आणि तरी पहिल्याच सत्रात अडखळतात. कारण बहुतेकदा एकच असतं, विचारायचा संकोच.

तुझ्या राज्यात, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो भरावे लागतात. फी भरली म्हणजे कुणीतरी शिकवून घेईल, असं मात्र समजू नकोस. बहुतेक लेक्चरना हजेरी नसते. परीक्षेला नाव आपणच नोंदवायचं, मुदत टळली की टळली. कुणी आठवण करून देत नाही, कुणी रागावतही नाही. आपल्या मुलांना हे तुटकपणाचं वाटतं. मला त्यात विश्वास दिसतो: तू मोठी आहेस, तुझं तू बघशील, असा.

पण अडल्यावर दार उघडं असतं. प्राध्यापकांची भेटायची वेळ ठरलेली असते, तिला श्प्रेखश्टुंडं म्हणतात. तिथे जा. ‘सर, काही कळलं नाही’ असं म्हणू नकोस. वही उघडून दाखव, इथपर्यंत आले, या पायरीवर अडले. ते म्हणतील, ‘हे चूक आहे.’ एवढंच. आधी कौतुक नाही, नंतर समजूत नाही. तुला ते टोचेल. पण चूक म्हटलंय ते त्या ओळीला. पुढच्या पाच मिनिटांत तेच प्राध्यापक कागद ओढून तुझ्यासोबत ती ओळ सोडवायला बसतील.

निकालानंतर तपासलेला पेपर बघण्याचा एक दिवस असतो, क्लाउझुर-आइनझिश्त. इथे १.० सर्वांत चांगली श्रेणी आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. ४.० मिळालेली आपली कितीतरी मुलं लाजेने त्या दिवशी जातच नाहीत. तू जा. आपला पेपर समोर ठेवून गुण कुठे गेले ते बघ, पटलं नाही तर बोल. त्यात उद्धटपणा नाही, तो तुझा हक्क आहे.

न पटलेलं बोलायचं म्हटलं की मला मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आठवतात. त्या १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला कैसर विल्हेल्म संस्थेत शिकायला होत्या, ओयगेन फिशर यांच्या हाताखाली. कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी संबंध असावा, असा फिशरांचा कयास होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही, असं प्रबंधात लिहिलं. परका देश, परकी भाषा आणि मार्गदर्शक एवढे वजनदार. तरी मापं सांगत होती तेच त्यांनी लिहिलं आणि पदवी घेऊनच त्या परतल्या. मला त्यांचं फार मोल वाटतं.

घराबाबतही तेच, संकोच नको. चार मराठी मुली मिळून राहणं सोपं जातं. पण मग जर्मन भाषा दुकानापुरतीच राहते. जमलं तर मिश्र घरात खोली घे. फ्रिजवर सफाईची पाळी लिहिलेली असेल आणि एक दिवस तुझ्या नावाने चिठ्ठी येईल, ‘सिंक साफ केलेलं नाही.’ मनाला लावून खोलीत बसू नकोस. स्वच्छ कर आणि रात्री स्वयंपाकघरात भेटल्यावर तुला खटकणारं एखादं तूही सांग. लोक खरंच ऐकून घेतात. आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीला जरूर जा, सोबत राहणाऱ्यांनाही घेऊन जा.

डिसेंबरमध्ये साडेचारलाच अंधार पडतो आणि तेव्हा भल्याभल्यांचं मन खचतं. झोप उडाली, जेवण नकोसं झालं, तर विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक असतात. त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही. आणि मला केव्हाही फोन कर, रात्री दोनला केलास तरी चालेल.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो किल्ली घेतानाच माग. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, मग भारताशी साडेतीनऐवजी साडेचार तासांचा फरक पडतो. ताईला आधीच सांगून ठेव, नाहीतर ती तासभर फोनपाशी काळजी करत बसेल.

तुझी,
मावशी