पाळक कोणाचा?

परदेशातून आलेल्या मिशनऱ्याने ख्रिस्ती मंडळी उभी केली, पण पुढे ती चालवायची कोणी? बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे सचिव रूफस अँडरसन यांचं उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच तयार होतं. कारभार, खर्च आणि प्रसार, तिन्ही स्थानिक मंडळीनेच सांभाळावं आणि मिशनऱ्याने पुढच्या गावी जावं. १८५४ साली ते हिंदुस्थानात आले. त्याच सुमारास बोर्डाच्या अहमदनगरच्या मिशनमध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

विचार धाडसाचा होता, पण पाळकाचा पगार बहुतेक ठिकाणी मिशनकडूनच येत राहिला. पगार देणाऱ्याचा शब्द मोडणं कोणत्याही नोकरदाराला जड जातं. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं, टाळ-वीणा उपासनेत आली. निर्णय मात्र मिशनच्या बैठकीतच होत राहिले. मला वाटतं, अशा बदलांचं आपण जरा लवकरच कौतुक करतो.

नारायण वामन टिळकांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीच्या गीतांवर मराठी मंडळ्या आजही पोसल्या जातात. तरीही गीतं देऊन ते थांबले नाहीत. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यासी वृत्ती पत्करली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताला मानणाऱ्या सगळ्यांना तिथे जागा होती. आपल्या लोकांना गुरू कळतो, वेतनावर नेमलेला अधिकारी परका वाटतो, हे टिळकांनी जाणलं होतं. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. माणूस मोठा होता, पण त्याच्यामागे संस्था उभी राहिली नव्हती.

टिळकांचा मार्ग मला प्रिय आहे, तरी एक शंका सुटत नाही. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत बहुसंख्य माणसं महारवाड्यांतून आलेली. त्यांना नेता हवा होता तो संन्यासी, की त्यांच्यातलाच कोणी? ‘भारतीय’ म्हणून आपण ज्या संस्कृतीकडे वळतो, तीही कोणा एकाचीच असू शकते.

तेलुगू मुलखात या प्रश्नाला निराळं उत्तर मिळालं. १९१२ साली व्ही. एस. अझरया दोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. माला आणि मादिगा या दलित जातींच्या वस्त्यांतल्या माणसांना त्यांनी शिकवून पाळक केलं. अँडरसनची कल्पना मला इथे सर्वांत जिवंत दिसते, कारण इथे अधिकार खालपर्यंत पोचला.

तोही अर्ध्याच माणसांपर्यंत. त्याच तेलुगू प्रदेशात, नंद्यालला, पुष्पा ललिता चर्च ऑफ साउथ इंडियाच्या पहिल्या महिला बिशप झाल्या, तेव्हा २०१३ साल उजाडलं होतं.