न दिसण्याची मुभा

नामिबियाच्या अटलांटिक किनाऱ्यावर वॉल्विस बे हे बंदर आहे. तिथून निघणाऱ्या एका दिवसाच्या सहलीचा साचा आता पक्का झाला आहे. सकाळी बोट निघते आणि पेलिकन पॉइंट या समुद्रात घुसलेल्या वाळूच्या पट्ट्यावर पहुडलेल्या हजारो केप फर सीलच्या जवळून जाते. नशीब असेल तर हेव्हिसाइड डॉल्फिन दिसतात. मग बोटीवरच त्या उपसागरात वाढवलेली कालवं आणि फसफसती वाइन येते. दुपारी फोर-बाय-फोर गाडी दक्षिणेला सँडविच हार्बरकडे वळते. तिथे नामिब वाळवंटाच्या टेकड्या थेट समुद्राला येऊन भिडतात. प्राणी, चव आणि वाळवंट हे सगळं एकाच तिकिटात मिळतं. या तिकिटातून जो प्रश्न उभा राहतो तो पर्यटनाहून फार जुना आहे. मुंडक उपनिषदात एकाच झाडावर बसलेल्या दोन पक्ष्यांचं रूपक येतं. त्यांतला एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत तर हे दोघे वेगळेही राहत नाहीत. तिथे पुरुषाचं, म्हणजे पाहणाऱ्या चैतन्याचं, अस्तित्व सिद्ध करताना तो भोक्ता आहे असा दाखला दिला जातो, आणि लगेच पुढे तोच साक्षी, तटस्थ, अकर्ता ठरतो. वॉल्विस बेच्या बोटीवरचा प्रवासीही एका हातात शिंपला आणि दुसऱ्या हातात दुर्बीण धरून एकाच वेळी भोक्ता आणि साक्षी होऊ पाहतो. त्याला हे साधेल का? माझं म्हणणं असं की साधेल, पण एका अटीवर. या सहलीतला दोष खाण्यात, पैसे मोजण्यात किंवा घाईत नाही. ज्याला पाहायचं आहे त्याची न दिसण्याची मुभा आपण काढून घेतली की पाहणं तिथेच संपतं, आणि उरतो तो दर्शनाच्या नावाखाली चाललेला भोग.

आधी चवीचा विचार करू, कारण सोवळा वाचक पहिलं बोट तिच्याकडेच दाखवेल. किनाऱ्याजवळून वाहणारा बेंग्वेला प्रवाह खोलवरचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर आणतो. त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि त्यांच्यावर कालवं पोसली जातात. त्यांना वेगळं खाद्य घालावं लागत नाही. इथे वाढवली जाणारी जात मुळात पॅसिफिकमधली आहे, म्हणजे ताटातला हा पदार्थ माणसाने आणून लावलेला आहे. कोकणात ओहोटीला खडकांवरची कालवं फोडून काढणाऱ्या बायकांना चवीसाठी जीव घ्यावा लागतो हे कुणी समजावून सांगायला नको. तरी आक्षेप खरा आहे. जैन परंपरेत शंख-शिंपल्यांतले जीव द्वींद्रिय मानले आहेत. त्यांना स्पर्श आणि रस ही दोनच इंद्रियं असतात. म्हणजे ज्याच्यापाशी चवीखेरीज फारसं काही नाही, त्यालाच चवीसाठी गिळलं जातं. दुसरीकडे पीटर सिंगर यांनी 1975च्या ‘ॲनिमल लिबरेशन’मध्ये वेदनेची सीमारेषा कोळंबी आणि कालव यांच्या दरम्यान कुठेतरी आखली होती. पुढच्या आवृत्तीत मात्र त्यांनी हा निष्कर्ष सैल केला. हा वाद इथे मिटणार नाही, आणि अहिंसेचं व्रत घेतलेल्याने कालव खाऊ नये हेही मान्य. माझा मुद्दा एवढाच की हा भोग स्वतःला दुसरं नाव देत नाही. खाणाऱ्याला आपण काय केलं हे ठाऊक असतं. त्याने एक जीव खाल्ला, पैसे दिले आणि चव घेतली. ‘निसर्गाशी एकरूप झालो’ असा दावा त्या ताटाभोवती उभा राहत नाही. पापाचा हिशेब मांडायचा असेल तर निदान वही उघडी आहे.

खरी गफलत ताटाबाहेर, बोटीच्या काठावर होते. इथल्या अनेक बोटींवर एक प्रकार नेहमी दिसतो. हाक येते, मासा दाखवला जातो, आणि पांढरा पेलिकन उडत येऊन काठावर बसतो. एखादा सील पाण्यातून उसळी मारून थेट बोटीवर चढतो आणि प्रवाशांमध्ये आरामात लोळतो. रानटी जीव आपण होऊन माणसाजवळ आला, या अनुभवात काहीतरी पवित्र वाटतं. ऋषींच्या आश्रमात निर्भय फिरणाऱ्या हरणांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मनाला तर अधिकच. पण आश्रमातली हरणं ऋषींच्या अहिंसेवर विश्वास ठेवून येत होती, असं त्या गोष्टी सांगतात. इथला सील बादलीतल्या माशासाठी येतो. त्याची भीती प्रेमाने गेलेली नाही, ती मोलाने विकत घेतलेली आहे. यावर कुणी म्हणेल, भुकेल्याला घालणं हे तर दान, त्यात वाईट काय? मुंबईच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या कुरव पक्ष्यांना शेव-गाठी उधळणारेही हेच म्हणतात. 2025मध्ये कबुतरखान्यांवरून मुंबईत पेटलेल्या वादातही जीवदयेची ही बाजू आवेशाने मांडली गेली. गीतेच्या सतराव्या अध्यायात याचं उत्तर आहे. परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेलं दान सात्त्विक, आणि काही मिळावं म्हणून दिलेलं राजस. बोटीवरचा मासा ‘जवळ ये’ या मागणीसह दिलेला असतो, फोटो निघेपर्यंत तो हातातून सुटतही नाही. म्हणून तो दानापेक्षा आमिषाच्या जवळचा आहे. त्याचे परिणामही कल्पनेतले नाहीत. ऑस्ट्रेलियात मंकी मिया इथे किनाऱ्यावर येणाऱ्या डॉल्फिनना पर्यटक मासे भरवत. अभ्यासात आढळलं की अशा भरवल्या जाणाऱ्या माद्यांची पिल्लं अधिक प्रमाणात दगावतात. त्यानंतर भरवण्यावर कडक मर्यादा आल्या. आईचं लक्ष भरवणाऱ्या हाताकडे गेलं आणि त्याची किंमत पिल्लाने मोजली. घेणाऱ्याला हे परवडतं का, असं न विचारणाऱ्या दयेला दया म्हणणं कठीण आहे.

दुपारचं वाळवंट याच्या अगदी उलट वागतं. सँडविच हार्बर नामिब-नौक्लुफ्त राष्ट्रीय उद्यानात आहे. 1995पासून ते रामसर यादीत आहे, आणि तिथून पसरत जाणारा नामिबचा वाळूचा सागर 2013मध्ये जागतिक वारसा ठरला. तिथे जाणारी किनाऱ्याची वाट एका बाजूला उभी वाळू आणि दुसऱ्या बाजूला लाटा अशी चिंचोळी आहे. ती ओहोटीलाच उघडते. भरतीचं वेळापत्रक आणि त्या दिवसाची लाट जुळली नाही तर तिकिटाच्या जोरावर कुणालाही पुढे जाता येत नाही. वाटाड्याचं सारं कसब समुद्राची संमती वाचण्यात असतं. इथे जे दिसतं ते बोलावून आलेलं नसतं. न दिसणंही शक्य होतं, तरी दिसलं, आणि दृश्याची सारी किंमत त्या शक्यतेतच आहे. अर्थात वाळवंट म्हणजे सोवळं आणि बोट म्हणजे ओवळं, अशी सोपी वाटणी मी करत नाही. टेकडीवर उमटलेले चाकांचे माग वारा लवकर पुसतो, पण नामिबच्या खडीच्या सपाट मैदानांवरून गाडी गेली तर तो माग कित्येक दशकं राहतो. धुक्याच्या ओलाव्यावर जगणारा, अत्यंत हळू वाढणारा दगडफुलाचा थर चाकाखाली चुरडतो. त्याच खडीवर डॅमारा टर्न हा छोटा पक्षी उघड्यावर अंडी घालतो. ही मैदानं लाटेसारखी अडवत नाहीत. जिथे निसर्ग नकार देऊ शकत नाही तिथे तो माणसाने आपल्या बाजूने द्यावा लागतो. ठरलेला रस्ता सोडायचा नाही, हा साधा नियम म्हणजे त्या मूक जागेच्या वतीने पाळलेला नकार आहे.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो अधिक वजनदार आहे. सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या, वाटाड्याने आखलेल्या, जेवणासह मिळणाऱ्या दिवसात ‘दर्शन’ कसलं? त्याला तप लागतं, चालावं लागतं, वाट चुकावी लागते. हा युक्तिवाद मराठी माणसाने करू नये, कारण त्याच्या डोळ्यांसमोर वारी आहे. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीचे मुक्काम ठरलेले, दिंड्यांचे क्रम ठरलेले, रिंगणं कुठे व्हायची हेही ठरलेलं असतं. आखणीने भक्ती कमी होत नाही. वारीचा दाखला याहून पुढे जातो. आषाढीच्या गर्दीत ज्याला विठोबाच्या पायांवर डोकं ठेवता येत नाही तो मुखदर्शनावर समाधान मानतो, आणि तेही जमलं नाही तर कळसाला हात जोडून परततो. कळसाचं दर्शन अपुरं आहे असं त्याला कुणी सुनावत नाही. जवळ जाता आलं नाही तरी पाहणं पूर्ण होऊ शकतं, हा विश्वास आपल्या परंपरेत रुजलेला आहे. सीलच्या वसाहतीपासून अंतर राखून थांबलेली बोट प्रवाशाला कळसदर्शनच देते. बोटीवर चढवलेला सील मात्र आपल्याला देव गाभाऱ्यातून बाहेर आणायला लावणाऱ्या भक्ताच्या जागी नेऊन बसवतो.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे. नामिबियात दरवर्षी सरकारी परवान्याने सीलची पिल्लं मारली जातात. त्यांतलं एक ठिकाण केप क्रॉस, आणि तीच वसाहत पर्यटकांनाही खुली आहे. जिथे सील चामड्याच्या भावाने मोजला जातो तिथे तमाशा म्हणून का होईना त्याचं मोल वाढलं, तर त्यात त्याचाच फायदा नाही का? आहे, आणि तो नाकारण्याचं कारण नाही. जिवंत सीलवर ज्याचं पोट चालतं असा नावाडी त्याच्या बाजूचा साक्षीदार होतो. पण हा युक्तिवाद सहलीला जाण्याच्या बाजूने आहे, बादलीच्या बाजूने नाही. पेलिकन पॉइंटवर सील हजारोंनी पडलेलेच असतात, ते पाहायला मासा लागत नाही. मासा लागतो तो एकाला निवडून आपल्या पायाशी आणण्यासाठी. मोल वाढवणारं दर्शन आणि सवय बिघडवणारी सलगी या दोन गोष्टी एका पाकिटात घालून विकल्या जातात, म्हणून त्या एकच वाटतात.

शेवटचा आक्षेप दर्शनशास्त्राच्या आतून येतो. सांख्य म्हणतं, प्रकृती पुरुषासाठीच वावरते. नर्तकी रंगमंचावर स्वतःला दाखवून थांबते, तशी तीही दाखवून निवृत्त होते. मग निसर्गाने आपल्यापुढे नाचावं यात अधर्म कुठला? पण त्याच कारिकांत आणखी एक सिद्धांत आहे आणि तो इथे निर्णायक ठरतो. पुरुष एक नाही, अनेक आहेत. जन्म, मरण आणि इंद्रियं प्रत्येकाची वेगळी, म्हणून पाहणाराही प्रत्येक देहात वेगळा. याचा सरळ अर्थ असा की बोटीकडे मान वळवून पाहणारा सील दृश्य असेल, तसाच तो द्रष्टाही आहे. त्याच्या दृष्टीने ही बोट, तिच्यावरची माणसं आणि त्यांचे कॅमेरे हेच दृश्य. त्याची भूक त्याच्या भोगाची, त्याची भीती त्याच्या अनुभवाची. प्रकृती आपल्यापुढे नाचते असं मानलं तरी तिच्या रंगमंचासमोर बसलेल्या दुसऱ्या प्रेक्षकाला ओढून नाचायला लावण्याचा परवाना त्यातून निघत नाही. साक्षी होणं याचा अर्थ म्हणूनच केवळ मन शांत ठेवणं असा होत नाही. समोरच्याचं साक्षित्व मान्य करणं हाही त्याचाच भाग आहे. न दिसण्याची मुभा ही आपण सीलला केलेली कृपा नाही. तोही पाहणारा आहे या कबुलीतून ती आपोआप निघते.

हा विचार नामिबियापुरता नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे नाहीत’ असा वायदा मिळतो. गिऱ्हाइकाला तो फार प्रामाणिक वाटतो. पण त्या अटीमुळे डॉल्फिनच बिलातली वस्तू होऊन बसतो, आणि आपली मजुरी वाचवायला नावाड्याला त्याच्यामागे बोट पळवावी लागते. याउलट रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला कासवांची पिल्लं पाहायला जमलेल्यांना कुणी हमी देत नाही. पिल्लं त्यांच्या वेळेला वाळूतून वर येतात, एखाद्या सकाळी एकही येत नाही, आणि रिकाम्या हाताने परतलेला माणूस फसवला गेला असं समजत नाही. पैसे द्यायचेच असतात. ते बोटीचे, डिझेलचे, कालवांचे आणि ओहोटी ओळखणाऱ्या, डोळ्यांना वळण लावणाऱ्या वाटाड्याच्या ज्ञानाचे असावेत. प्राण्याच्या हजेरीचे नसावेत. तेव्हा अशी सहल ठरवताना विचारायचा प्रश्न ‘काय काय दिसेल?’ हा नव्हे. काहीच दिसलं नाही तर तुम्ही काय कराल, हे विचारावं. ‘थांबू, आणि नाही आलं तर परत फिरू’ असं ज्याचं उत्तर असेल त्याच्या बोटीत बसून कालव खाणाराही साक्षी राहू शकतो. ‘काळजी नको, बादली आहे’ असं ज्याचं उत्तर असेल त्याच्या बोटीवर शाकाहारी प्रवासीसुद्धा भोक्ताच ठरतो.