माळवद उकरणारे चौघे

मावशी अंथरुणाला खिळली होती तेव्हा भेटायला आलेल्या एका भल्या बाईने तिचा हात हातात घेऊन म्हटले, "श्रद्धा पूर्ण असती तर एव्हाना उठून बसली असतीस." मावशी काही बोलली नाही. भिंतीकडे कूस वळवून पडून राहिली. तेव्हापासून शुभवर्तमानातल्या रोगमुक्तीच्या कथा वाचताना मी एकच गोष्ट शोधतो: आजारी माणसाच्या श्रद्धेची अशी झडती तिथे खरेच घेतली जाते का?

मार्कच्या शुभवर्तमानातली कफर्णहूमची कथा घ्या. पक्षाघाताने लुळा पडलेला एक माणूस. येशू ज्या घरात आहे तिथे चौघे त्याला बाजेवर घालून आणतात, पण गर्दीमुळे दारात मुंगी शिरायला वाट नाही. मग ते छपरावर चढतात. गालीलातली ती घरे आपल्या मराठवाड्यातल्या माळवदासारखीच: आडव्या तुळया, त्यांवर काटक्या, वर चोपलेली माती. ती माती ते उकरतात. खाली बसलेल्यांच्या डोक्यावर ढेकळे पडली असणार, घरधनी ओरडला असणार. भोक पुरेसे मोठे झाल्यावर बाज खाली सोडतात. येशूला दिसते ती ‘त्यांची’ श्रद्धा; मार्क इथे अनेकवचन वापरतो. बाजेवरचा माणूस कथाभर एक शब्द बोलत नाही.

बारा वर्षे रक्तस्रावाने गांजलेल्या बाईला मात्र येशू तिच्या श्रद्धेचे श्रेय देतो, हे खरे. पण ती बरी झाल्यावर, आणि मुलगी म्हणून हाक मारून. झटके येणाऱ्या मुलाचा बाप तर कळवळून कबूलच करतो की आपला विश्वास तोकडा आहे. तरीही त्याचा मुलगा उठून उभा राहतो. मावशीजवळ बसून मी ही कथा वाचायला हवी होती.

आणि जे बरे झाले नाहीत ते? पौलाने देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली; काटा राहिला. त्याच्या नावाच्या पत्रांत त्रफिम आजारी म्हणून मिलेतात मागे राहतो, आणि वरचेवर दुखणी काढणाऱ्या तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले जाते. यांतल्या एकाच्याही विश्वासावर कोणी बोट ठेवत नाही.

अशा आजाऱ्यांना जवळ करणारेही पुढे झाले. इ.स. ३७० मध्ये कप्पदुकियातल्या कैसरियाचा बिशप झालेल्या बसिलने शहराबाहेर रोग्यांसाठी आणि निराधारांसाठी वसाहत उभारली. तिथे वैद्य होते, शुश्रूषा करणारी माणसे होती. ज्यांना घरच्यांनी आणि गावाने टाकले होते ते कुष्ठरोगीही तिथे आले. बसिलचा मित्र ग्रेगरी त्याच्या मृत्यूनंतरच्या भाषणात सांगतो, की मोठ्या घरात जन्मलेला हा माणूस त्यांना भाऊ म्हणून जवळ घेई आणि त्यांच्या अंगाला ओठ लावायला कचरत नसे.