लिंबूटिंबूचा डाव

१९९८च्या मे महिन्यात मी माझ्या मोठ्या भावाला सांगितलं, की मी मारिओ संपवला. राणी सुटली. ते खोटं होतं.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि आम्ही सिडकोत एन-सातला राहायचो. निन्तेंदोनं १९८३ साली जपानात फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं होतं. त्याची कुठल्याशा कंपनीनं केलेली नक्कल आमच्या घरी होती. आम्ही त्या डब्यालाच ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो. सोबतच्या पिवळ्या कॅसेटवर ‘९९९ इन १’ असं छापलेलं होतं. मोजायला बसलो तर पंधरा-वीसच्या वर गेम नव्हते, तेच ते पुन्हा वेगळ्या नावानं यायचे. पण त्यात १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ होता, आणि आम्हाला तेवढं पुरेसं होतं.

दादा मारिओ, मी लुइजी. या गेममध्ये दोघं एकदम खेळत नाहीत. पहिला मरेपर्यंत दुसऱ्यानं रिमोट धरून बसायचं. त्यामुळे मी त्याच्या शेजारी बसून तासन्‌तास त्याच्या मरणाची वाट बघायचो. “मर ना आता,” असं ऐकू आलं की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “दिवेलागणीला मरणाची भाषा करू नका रे. वास्तू तथास्तु म्हणते.”

हा गेम फार कडक आहे. आठ दुनिया, प्रत्येकीत चार, अशा बत्तीस स्टेज. सुरुवातीला हातात तीन लाइफ. खेळ साठवून ठेवायची सोय नाही. पडदा फक्त पुढे सरकतो, त्यामुळे मागे राहून गेलेलं नाणं तिथेच राहतं. आणि लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे ती उन्हाळ्यात हमखास जायची.

दादा बारावी होऊन पुण्याला निघाला होता. एका दुपारी तो बाबांसोबत सामान आणायला गुलमंडीला गेला आणि मी एकटाच खेळत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी शेवटच्या किल्ल्यात पोचलो. तो भुलभुलय्या आहे. चुकीच्या पाइपात शिरलं तर मागे आणून सोडतो. तळहात घामेजले होते. आणि लाइट गेली.

संध्याकाळी दादानं विचारलं, “कुठपर्यंत गेलास?” मी म्हणालो, “संपवला. राणी सुटली आणि मगच लाइट गेली.” त्यानं विचारलं, शेवटी काय होतं? मी क्षणभर थांबून म्हणालो, “राणी मारिओला हार घालते.” दादानं मला कोपऱ्यावरच्या गाडीवर नेऊन कुल्फी खाऊ घातली. पुढच्या आठवड्यात तो गेला. नंतर तो डबाही बिघडला.

या उन्हाळ्यात मी संगणकावर इम्युलेटर टाकून तोच मारिओ पुन्हा काढला. खरं सांगायचं तर ते जुनं खोटं खरं करून टाकायचं होतं. इम्युलेटरमध्ये एक बटण असतं. ते दाबून धरलं की काळ मागे जातो आणि खड्ड्यात पडलेला मारिओ उलटा वर येतो. त्या बटणाच्या जोरावर मी एका संध्याकाळीत बत्तीसच्या बत्तीस स्टेज पार केल्या. राणी भेटली. ती मारिओचे आभार मानते, मोहीम संपल्याचं सांगते, आणि लगेच नवी मोहीम पुढे ठेवते. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, जरा अवघड. हारबिर काही नाही.

मी बसून राहिलो. मग प्रश्न पडला, की आता तरी मी मारिओ संपवला का?

पहिलं उत्तर सोपं आहे. कुणाचं काय बिघडलं? समोर प्रतिस्पर्धी नाही, पैज नाही. चाळिशीतल्या नोकरदार माणसानं तोच खड्डा ऐंशी वेळा उडत बसावं असं कुणी सांगितलंय? खुद्द निन्तेंदोनं २०१९ पासून स्विचवरच्या आपल्या जुन्या गेम्सना काळ मागे फिरवायची सोय दिली. करणाऱ्याचीच परवानगी असेल तर फसवणूक कसली?

पण बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञानं १९७८च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची एक व्याख्या केली आहे. गरज नसलेले अडथळे आपण होऊन पत्करायचे आणि ते ओलांडायची धडपड करायची, तो खेळ, असा तिचा आशय. गोल्फचा चेंडू भोकात घालायचा असेल तर हातानं नेऊन टाकणं सगळ्यात सोपं. तसं करत नाही म्हणून ते गोल्फ. हे मला बोटांतून कळलं. बटण हाताशी असताना मी खाली न बघताच उड्या मारत होतो. पडण्याला काही अर्थ उरला नव्हता, त्यामुळे पलीकडे पोचण्यालाही. त्या दुपारचे घामेजलेले तळहात बत्तीस स्टेजमध्ये एकदाही परत आले नाहीत.

मग सगळ्याच सोयी रडीच्या डावातल्या का? तसंही वाटत नाही. लाइट जाणं हा काही मारिओचा नियम नव्हता. तो आमच्या खांबावरच्या तारेचा नियम होता. आज इथवर आलो, उद्या इथून पुढे, एवढ्यासाठी खेळ साठवून ठेवला तर मी कुठलाच अडथळा चुकवत नाही. पहिल्या दुनियेतून थेट पुढे नेणारे छुपे पाइपही रचणाऱ्यांनीच ठेवलेले आहेत. ते शोधणं हाही खेळच.

कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतोची गोष्ट इथे आठवते. १९८६च्या ‘ग्रॅडियस’वर काम करताना तो गेम त्याला स्वतःलाच इतका अवघड जायचा, की तपासणीसाठी त्यानं बटणांचा एक गुप्त क्रम घालून ठेवला. वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी. तोच क्रम पुढे ‘काँट्रा’त तीस लाइफ द्यायला लागला. हाशिमोतो फसवत होता असं कुणी म्हणणार नाही. तो काम करत होता, आणि त्यानं गेम जिंकल्याचं सांगितलं नव्हतं.

मला वाटतं गाठ इथे आहे. काळ मागे फिरवण्यात पाप नाही. प्रश्न त्यानंतर तोंडातून निघणाऱ्या ‘संपवला’ या शब्दाचा आहे. तो शब्द एका विशिष्ट धडपडीची पावती आहे, आणि ती धडपड मी केली नव्हती. ९८ सालीही नाही आणि आताही नाही.

आपल्याकडे यासाठी एक जुनी सोय आहे. गल्लीतल्या पकडापकडीत सगळ्यात धाकटं पोर लिंबूटिंबू असायचं. ते पळतं, ओरडतं, त्याला पकडलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. आणि हे सगळ्यांना माहीत असतं. लिंबूटिंबू कुणाला फसवत नाही, कारण ते जिंकल्याचं कुणी धरतच नाही. पण कुणी स्वतःहून ‘मी लिंबूटिंबू’ असं जाहीर करू शकत नाही. ती माया मोठ्यांनी करायची असते. मी त्या बटणानं स्वतःच स्वतःला लिंबूटिंबू करून घेतलं होतं, आणि वर पावतीही मागत होतो.

रात्री दादाला फोन केला. “दादा, तुला एक सांगायचंय. ९८ला मी मारिओ संपवला नव्हता.”

तो हसायला लागला. “माहितीये की. हार घालते म्हणालास तेव्हाच कळलं. टीव्हीवरचं महाभारत बघून बघून तुला जिथे तिथे स्वयंवर दिसायचं.”

“मग कुल्फी कशाला दिलीस?”

“रडवेला झाला होतास. आणि मी चाललो होतो.” थोडं थांबून त्यानं विचारलं, “बरं, खरंच काय होतं शेवटी?”

मी सांगितलं.

“म्हणजे परत पहिल्यापासून?” तो म्हणाला. “अवघड आहे.”

ते बटण मी आता बंद करून टाकलंय. खेळ साठवतो मात्र, कारण लाइट अजूनही जाते. गेल्या रविवारी आठव्या दुनियेच्या दुसऱ्या स्टेजपर्यंत पोचलो आणि तिथे सगळ्या लाइफ संपल्या. दादाला अजून काही कळवलेलं नाही.