निरोप कोणाचा?

‘ग्रुपला मालक नसला की ग्रुप सगळ्यांचा होतो,’ असं तलासरीच्या एका तरुण मित्राने मला ठणकावून सांगितलं. तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. डहाणू-तलासरीतल्या तरुणांचे ग्रुप त्याला व्हॉट्सअॅपवरून उठवून मॅस्टोडॉन, लेमीसारख्या विकेंद्रित जाळ्यांवर न्यायचे आहेत. एका कंपनीच्या हातात सगळ्यांचं बोलणं असणं वाईट, हे मला त्याने पटवायची गरज नाही. प्रश्न पुढचा आहे.

या जाळ्यांत सर्व्हर अनेक असतात आणि ज्याचा त्याचा कारभार त्याच्याकडे असतो. पण जानेवारी २०१८ मध्ये मान्य झालेली अॅक्टिव्हिटीपब ही समाईक रीत सगळे पाळतात, त्यामुळे एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या ग्रुपात बोलू शकतो. इथवर मित्राचं खरं आहे. मात्र लेमीवरचा प्रत्येक ग्रुप कुठल्या तरी एकाच सर्व्हरवर नांदतो. आपण लिहिलेलं आधी तिथे जातं आणि मग तिथून सगळ्यांना वाटलं जातं. जुलै २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या माली देशाच्या सरकारने .एमएलने संपणारे वेबपत्ते पुन्हा आपल्या ताब्यात घेतले, तेव्हा तशा पत्त्यावर चालणारा एक लेमी सर्व्हर जागेवरून उठला आणि त्यावरच्या ग्रुपांचं बस्तान मोडलं. त्यांचा आफ्रिकेशी काहीएक संबंध नव्हता. म्हणजे मालक जात नाही, तो फक्त लांब जातो आणि दिसेनासा होतो.

तरीही मी मित्राच्या बाजूने बोलणार होतो, आणि उदाहरण याच मातीतलं देणार होतो. २३ मे १९४५ रोजी झरी गावात इथल्या वारली आदिवासींची परिषद भरली. ती भरवणारे शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेचे. वेठबिगार करायची नाही, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी लग्नगडी म्हणून राबायचं नाही, हे तिथे ठरलं आणि पाड्यापाड्यांत पोचलं. ऑक्टोबरात गवतकापणीचा संप झाला. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोंहून जास्त. विळ्याने कापायचं, भारे बांधायचे, आणि वजन करणारा जमीनदाराचाच. त्या तराजूसमोर उभं राहून ‘अडीच रुपयांखाली हात लावणार नाही’ म्हणायला काय लागत असेल! हातात ना छापखाना ना टेलिफोन, तरी हा भाव डोंगरापलीकडच्या पाड्यापर्यंत एकच राहिला. विकेंद्रित जाळं म्हणतात ते हेच, असं मी त्याला सांगणार होतो.

पण ऑक्टोबर १९४५ म्हटलं की तलवाडा आठवतो, आणि तिथे माझंच म्हणणं अडतं. दहा ऑक्टोबरला निरोप फिरला: तलवाड्याला सभा आहे, गोदावरीबाई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, लाठ्या घेऊन या. निरोप खोटा होता आणि जमीनदारांनी पेरलेला होता. तिकडे त्यांनीच सरकारला कळवलं, की वारली हल्ल्यासाठी जमताहेत. तीस हजारांच्या आसपास माणसं आली असं सांगतात. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण हुतात्मे झाले. ज्या वाटांनी अडीच रुपयांचा भाव पोचला होता, त्याच वाटांनी हा निरोपही तितक्याच इमानाने पोचला.

निरोप पोचणं वेगळं आणि निरोपाची खात्री होणं वेगळं. मित्र पहिल्यावर भाळलेला आहे. खात्रीचं त्याला विचारलं तर म्हणतो, चार लोक वाचतील, खोटं उघडं पडेल. कधी? १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाने मारले. मुलं पळवणारे, किडन्या काढणारे फिरताहेत, ही अफवा त्याआधी मोबाइलवर आणि तोंडोतोंडी पसरलेली होती. त्याच महिन्यात, सात तारखेला, वारंवार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असा नियम व्हॉट्सअॅपने केला होता. कंपनीने केंद्रातून बसवलेला लगाम पुरला नाही. आणि वाचणारे चारच काय, शेकडो होते.

म्हणून माझं मत आता मित्राच्याही पुढे गेलं आहे. जाळं विकेंद्रित हवंच, पण पोचवण्याच्या सोयीसाठी नव्हे. अडवण्याचा अधिकार जागोजागी असावा म्हणून. या नव्या जाळ्यांत तो अधिकार आहे. कुठलाही सर्व्हर दुसऱ्याशी संबंध तोडू शकतो आणि आपल्या दारात आलेला मजकूर परतवू शकतो. पण तो वापरायला दारात ओळखीचा माणूस बसलेला हवा. मित्राच्या मनात सगळ्या जिल्ह्याचा मिळून एकच मोठा सर्व्हर आहे, आणि तिथेच आमचं बिनसतं. डहाणू आणि तलासरी हे अनुसूचित क्षेत्रातले तालुके. अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांसाठी केलेल्या महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांनी एखाद्या पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होण्याची आणि स्वतःची ग्रामसभा भरवण्याची वाट दिली आहे. ग्रुपही त्याच मापाचे हवेत: पाड्याचा एक, आणि ते एकमेकांना जोडलेले. मग ‘बाई येणार आहेत’ असा निरोप आला, की पाड्यातलं कोणीतरी विचारेल, तुला कोणी सांगितलं? आणि उत्तर पटेपर्यंत तो पुढच्या पाड्याला जाणार नाही.

मित्र म्हणतो, इतके सर्व्हर चालवणार कोण, वीज गेली तर काय, पैसे कुठून? या अडचणी खऱ्या आहेत. त्यांवर बसून बोलायला मी तयार आहे. सगळ्यांचा म्हणून एकच सर्व्हर उभा करायला मात्र माझा विरोध राहील.